पगवॉशला कोण गेलं, कोण राहिलं

जगभरातले शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि मंत्री एके ठिकाणी जमतात, विज्ञान आणि समाज यांवर दोन-चार दिवस बोलतात, निवेदन काढतात आणि आपापल्या घरी जातात. त्यातून तुमच्याआमच्या पदरात काय पडतं? अशा बैठका आता दरवर्षी कुठे ना कुठे भरतात आणि त्यांत जे ठरतं किंवा ठरायचं राहतं, त्याची झळ कधीतरी आपल्या दारापर्यंत येते, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याला भिडायचं तर शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदांच्या इतिहासात शिरावं लागतं. त्यात शिरल्यावर माझ्या मनात दोन आवाज भांडू लागले. त्यांना मी नावं दिली आहेत. नाना हे निवृत्त शास्त्रज्ञ. भूकंपमापकांच्या आलेखांवर त्यांची सगळी नोकरी गेली, उमेदीची वर्षं कर्नाटकात गौरीबिदनूरच्या केंद्रावर. सुनंदाबाईंनी कॉलेजात इतिहास शिकवला. दोघं कल्पित आहेत, पण ती ज्या घटनांवरून भांडतात त्या घडलेल्या आहेत. राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

नाना : बाई, १९५७ सालचं जग डोळ्यांपुढे आणा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर हायड्रोजन बॉम्ब रोखून बसलेत. अमेरिका चीनला मान्यतासुद्धा द्यायला तयार नाही. आणि त्या जुलैत, ७ तारखेला, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर पगवॉश नावाच्या लॉबस्टर पकडणाऱ्या कोळ्यांच्या गावात दहा देशांची बावीस माणसं एका टेबलाभोवती बसतात. मॉस्कोहून टोपचिएव्ह आणि स्कोबेल्त्सिन, जपानचे युकावा आणि तोमोनागा, अमेरिकेतून झिलार्ड आणि मुलर, ब्रिटनचे पॉवेल आणि रोटब्लाट, चीनचे चौ पेइ-युआन. कोणी सरकारचा प्रतिनिधी म्हणून आलेला नाही. चार दिवस बोलतात, तीन समित्या करतात. एक किरणोत्साराच्या धोक्यांवर, दुसरी अण्वस्त्रांच्या नियंत्रणावर, तिसरी शास्त्रज्ञांच्या सामाजिक जबाबदारीवर. असं याआधी झालं नव्हतं.

बाई : आणि खर्च कोणी केला?

नाना : सायरस ईटननं. मूळचा पगवॉशचाच, क्लीव्हलंडला जाऊन उद्योगपती झालेला. घर त्याचं, तिकिटांचे पैसे त्याचे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. खरं तर ही परिषद दिल्लीत भरायची होती. नेहरूंनी निमंत्रण दिलं होतं, जानेवारी १९५७ ठरलाही होता. मध्येच सुएझचा पेच उभा राहिला आणि बेत मोडला. मग ईटननं आधीच देऊ केलेली जागा स्वीकारली.

बाई : दिल्लीत भरली असती तर मला जास्त आवडलं असतं. अण्वस्त्रं नसलेल्या देशात, गर्दीच्या शहरात. दाराबाहेर पत्रकार असते, लोक असते.

नाना : म्हणजे चार दिवस भाषणं झाली असती. पगवॉशला माणसं मोकळी बोलली, कारण ऐकणारं कोणी नव्हतं.

बाई : त्याचाच मला त्रास होतो, नाना. आपण तीन वर्षं मागे जाऊ. १ मार्च १९५४, बिकिनी. अमेरिकेनं ‘ब्राव्हो’ हा बॉम्ब उडवला. तो अंदाजाच्या दुपटीहून मोठा निघाला, १५ मेगाटन. ‘फुकुर्यू मारू’ नावाचं जपानी मासेमारी जहाज धोक्याच्या म्हणून आखलेल्या क्षेत्राच्या बाहेर होतं. त्यावर तेवीस खलाशी. पोवळ्यांच्या बेटाची भाजून भुकटी झालेली पांढरी राख त्यांच्यावर काही तास पडत राहिली. त्यांनी ती हातांनी गोळा केली, डेक झाडला. संध्याकाळपर्यंत अंग भाजल्यासारखं होऊ लागलं. त्यांचा रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरात गेला.

नाना : आणि त्या राखेचं विश्लेषण कोणी केलं? शास्त्रज्ञांनीच. त्यावरूनच रोटब्लाटना उमगलं, की हा बॉम्ब तीन टप्प्यांचा आहे आणि बाहेरच्या युरेनियमच्या कवचामुळे त्याचा किरणोत्सार सरकार सांगतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांनी ते छापलं. त्यातून रसेल आणि रोटब्लाट एकत्र आले. आइनस्टाइननी ११ एप्रिल १९५५ ला त्यांच्या अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्याला संमती दिली, १८ एप्रिलला ते वारले. ९ जुलैला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये अकरा सह्यांचा तो जाहीरनामा वाचला गेला आणि पगवॉश त्याच्यातून जन्मलं. तुमच्या खलाशांची दखल त्या टेबलावर होती, बाई.

बाई : दखल होती. खलाशी नव्हते. आणि रोंगेलापची तर दखलही नव्हती. बिकिनीच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरवरचं बेट. तीच राख तिथेही पडली. मुलं तिच्यात खेळली. दोन दिवसांनी अमेरिकी आरमारानं लोकांना हलवलं. नंतर बेट राहण्यायोग्य आहे असं सांगून त्यांना परत नेलं, ते कधी माहीत आहे? जून १९५७. पगवॉशच्या परिषदेच्या जेमतेम काही दिवस आधी. किरणोत्साराच्या धोक्यांवर जगातले सर्वोत्तम मेंदू चर्चा करत होते, त्याच आठवड्यांत ती माणसं दूषित जमिनीतले नारळ आणि खेकडे खात होती. त्यांच्यात थायरॉइडचे आजार वाढले. १९८५ मध्ये कंटाळून त्यांनी स्वतःहून बेट सोडलं, ग्रीनपीसच्या जहाजातून. या लोकांपैकी एकालाही पगवॉशला बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

(मी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. जून १९५७, जुलै १९५७. पगवॉशला जमलेल्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण किरणोत्सार म्हणजे त्यांच्यासमोर आकडे होते. तो अंगावर घेतलेलं माणूस समोर बसलं असतं तर समितीचा अहवाल नक्की वेगळा झाला असता.)

नाना : रोटब्लाटना आकडेच दिसत होते असं म्हणू नका. हा माणूस पोलंडचा. बायको वॉर्सात अडकली आणि नाझींच्या हातून गेली. तो लॉस अलामॉसला बॉम्बवर काम करत होता, हिटलरनं आधी बनवला तर काय या भीतीपोटी. १९४४ च्या अखेरीस कळलं, की जर्मनांचा बॉम्ब होण्याची शक्यता नाही. त्यानं काम सोडलं. विवेकाला पटत नाही म्हणून तो प्रकल्प अर्ध्यावर सोडणारा शास्त्रज्ञ म्हणून इतिहासात त्याचंच नाव घेतात. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात पुढची वर्षं तो किरणोत्साराचा शरीरावर काय परिणाम होतो ते शोधत राहिला. १९९५ चा शांततेचा नोबेल अर्धा त्याला, अर्धा पगवॉशला मिळाला.

बाई : माणूस मोठाच. पण मला त्याचं मोठेपण मोजायचं नाही. बैठकांतून काय निघालं ते सांगा. १९६१ मध्ये रशियानं ५० मेगाटनचा बॉम्ब उडवला, पगवॉशला चार वर्षं होऊन गेली होती.

नाना : सांगतो. हा माझ्या धंद्यातला विषय आहे, जरा वेळ द्या. चाचणीबंदीची बोलणी एका गोष्टीवर अडली होती. जमिनीखाली केलेला स्फोट ओळखायचा कसा? तो आणि भूकंप दोन्ही जमीन हलवतात. आता स्फोट म्हणजे एका बिंदूतून चहूबाजूंनी बाहेर ढकलणं. म्हणून जगात कुठेही यंत्र ठेवा, पहिल्या झटक्याला पेन वरच उचललं जातं. भूकंपात खडकाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकतात, तेव्हा काही केंद्रांवर रेघ आधी वर जाते, काहींवर खाली. शिवाय भूकंपात पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटा दांडग्या असतात, स्फोटात त्या मानानं किरकोळ. आम्ही गौरीबिदनूरला दोन हातांच्या काटकोनात भूकंपमापक मांडले होते, वीस. सगळ्यांचे संकेत योग्य अंतरानं मागेपुढे सरकवून एकत्र केले की वारा, रहदारी, समुद्राच्या लाटांची थरथर एकमेकांना मारते आणि दूरवरचा बारीक झटका वर येतो. तरीही छोटा स्फोट हजारो किलोमीटरवर गोंगाटात बुडतोच. म्हणजे यंत्र जवळ हवं. आणि जवळ म्हणजे कुठे? शत्रूच्या देशात.

बाई : आणि शत्रू यंत्र बसवू देईना.

नाना : माणसं येऊ देईना. अमेरिकेचे तपासनीस म्हणजे हेर, असं क्रुश्चेव्हचं म्हणणं. १९६२ च्या सप्टेंबरात लंडनला पगवॉशची परिषद झाली. तिथे तीन अमेरिकी आणि तीन रशियन शास्त्रज्ञांनी मिळून एक कल्पना कागदावर उतरवली : मोहोरबंद, स्वयंचलित पेट्या. आत भूकंपमापक. माणूस नाही, उघडायची सोय नाही, उघडली तर कळेल. ठराविक काळानं पेटी बदलायची. बाहेर त्यांना ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणू लागले. डिसेंबरात क्रुश्चेव्हनं केनेडींना पत्र लिहिलं आणि अशा तीन पेट्या आपल्या भूमीवर ठेवायची तयारी दाखवली, वर्षाला दोन-तीन तपासण्याही मान्य केल्या. शास्त्रज्ञांच्या टेबलावरची कल्पना तीन महिन्यांत दोन महासत्तांच्या पत्रव्यवहारात गेली! तुम्ही मला काय निघालं विचारता, हे निघालं.

बाई : पुढे?

नाना : (थांबून) पुढे अमेरिकेनं आठ ते दहा तपासण्या मागितल्या. मग सातवर आली. क्रुश्चेव्ह तीनच्या वर जाईना. तिथेच फिसकटलं.

बाई : म्हणजे पेट्या बसल्याच नाहीत.

नाना : नाही. भूमिगत चाचण्या सोडून बाकीचं ठरलं. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला. हवेत, पाण्याखाली, अंतराळात चाचणी नाही. भारतानं लगोलग सही केली. हवेतून पडणारा किरणोत्सार कमी झाला, हे तरी मान्य करा.

बाई : करते. पण १९६३ नंतर झालेल्या चाचण्या आधीच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा जास्त आहेत. जमिनीखाली गेल्या, दिसेनाशा झाल्या, लोकांचा राग ओसरला आणि शस्त्रं वाढत राहिली. आणि तो करार तरी कोणामुळे झाला? ब्राव्होनंतर तोक्योच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी सह्यांची मोहीम सुरू केली. मासळी विकणारे, घर चालवणाऱ्या बाया. १९५५ च्या ऑगस्टपर्यंत जपानभर तीन कोटींवर सह्या झाल्या. अमेरिकेत सेंट लुईसला आयांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून पाठवले, त्यांच्यात किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम किती साठलंय ते मोजण्यासाठी. गवतावर पडलेलं स्ट्रॉन्शियम गाईनं खाल्लं, दुधात आलं, मुलाच्या हाडात गेलं. हे कळल्यावर आई गप्प बसेल का? केनेडींवर दबाव आला तो या बायांचा.

नाना : दात मोजायला प्रयोगशाळा लागली ना! बॅरी कॉमनरसारखे शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर उभे राहिले.

बाई : तेच तर म्हणतेय. ते शास्त्रज्ञ बायांच्या गावात राहत होते. दात त्यांच्याकडे बायांनी आणून दिले. तुमच्या परिषदेत शास्त्रज्ञ शास्त्रज्ञाशी बोलला आणि मग पंतप्रधानाशी. मधलं माणूस गाळून.

(इथे बाईंनी नानांना अडकवलं असं मला वाटतं. पण नानांकडे अजून एक हुकमी गोष्ट आहे, आणि ती मी त्यांना सांगू देणार आहे.)

नाना : १९६२ ची ती पेटी मेली नाही. १९८५ च्या ऑगस्टात गोर्बाचेव्हनी एकतर्फी चाचण्या थांबवल्या. मे १९८६ मध्ये एका अमेरिकी बिगरसरकारी संस्थेनं सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार केला, तिकडून वेलिखोव्ह पुढे होते. वॉशिंग्टन राजी नव्हतं. आणि त्याच जुलैत अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ कझाकस्तानात कारकारालिन्स्कला, सेमिपालातिन्स्कच्या चाचणीस्थळापासून दोनेकशे किलोमीटरवर, आपली यंत्रं मांडून बसले. चोवीस वर्षांनी, बाई! मधल्या काळात जिनिव्हात अनेक देशांचे भूकंपतज्ज्ञ १९७६ पासून वर्षानुवर्षं बसून माहितीची देवाणघेवाण कशी करायची ते ठरवत होते. कंटाळवाणं काम, एका वाक्याचीही बातमी नाही. आज सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी आखलेल्या ३३७ केंद्रांच्या आणि प्रयोगशाळांच्या जाळ्यामागे ते काम आहे. २००६ मध्ये उत्तर कोरियानं पहिली चाचणी केली, एक किलोटनाहूनही लहान. जाळ्यानं ती पकडली. आता कोणी चोरून स्फोट करील आणि कळणार नाही, ही सबब उरलेली नाही.

बाई : आणि करार?

नाना : १९९६ पासून सह्यांसाठी खुला. अजून अंमलात नाही.

बाई : आपणही सही केलेली नाही.

नाना : आपल्या सरकारची कारणं होती. मोठ्यांनी शस्त्रं ठेवायची आणि आपल्याला बांधून घालायचं, हे अन्यायाचं आहेच.

बाई : मग ते भांडण आपल्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे भांडायला हवं होतं. किती जणांनी केलं? १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते, केवढा अभिमान वाटला आपल्याला. त्यांनी तिथे सांगितलं, की वीसेक वर्षांत संमीलनाची ऊर्जा माणूस काबूत आणील. जग टाळ्या वाजवत होतं. त्यांच्याच मुंबईच्या संस्थेत दामोदर कोसंबी होते, पुण्याहून डेक्कन क्वीननं रोज जाणारे. जागतिक शांतता चळवळीत वावरणारे. ते म्हणत होते, या देशात एवढं ऊन आहे, त्यावर काम करा. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. जिनिव्हाच्या व्यासपीठावर कोण चढतं आणि कोणाचं म्हणणं त्याच इमारतीत राहतं, हे इतिहास शिकवताना मला विद्यार्थ्यांना सांगावं लागायचं.

नाना : कोसंबी भाभांशी पटवून घेणारे नव्हते, हेही खरं.

बाई : पटवून घेणारीच माणसं बोलवायची असतील तर परिषद कशाला? घरीच बसावं.

नाना : बरं, एक सांगतो, यात तुमच्याही कामाचं आहे. १९६७ मध्ये व्हिएतनामवर बॉम्ब पडत होते. पॅरिसला पगवॉशची बैठक झाली, तिथून दोन फ्रेंच माणसं हनोईला गेली, मार्कोविच आणि ओब्राक. ओब्राकच्या घरी हो चि मिन्ह १९४६ मध्ये राहिलेले. ती ओळख उपयोगी पडली, हो चि मिन्ह भेटले. या दोघांमार्फत वॉशिंग्टनचा निरोप पोचवणारा हार्वर्डचा प्राध्यापक म्हणजे किसिंजर.

बाई : आणि ऑक्टोबरपर्यंत ते बारगळलं, कारण निरोप चालू असताना बॉम्बही पडत होते. बंद दाराआडच्या विश्वासाला एवढाच आधार असतो. बाहेर कोणाला माहीतच नसेल, तर शब्द मोडल्याचा जाब कोण विचारणार?

नाना गप्प झाले असं मी लिहिणार नाही, कारण या मुद्द्यावर त्यांच्याकडे उत्तर आहे : जाहीर बैठकीत किसिंजर आणि हनोई एकमेकांशी काहीच बोलले नसते. ते बरोबर आहे. पण त्या उत्तरानं बाईंचं म्हणणं खोडलं जात नाही.

बाईंचं म्हणणं उशिरा का होईना, खरं ठरताना आपण पाहिलं. २०१३ मध्ये ओस्लोत, २०१४ मध्ये मेक्सिकोत नायारित इथे आणि मग व्हिएन्नात सरकारांच्या परिषदा भरल्या. विषय एकच : अणुस्फोट झाला तर माणसांचं काय होतं. तिथे हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले हिबाकुशा बोलले. शास्त्रज्ञ, डॉक्टर, रेड क्रॉस त्यांच्याबरोबर होते. तिथून न्यूयॉर्कला अण्वस्त्रबंदी करार झाला. १२२ देशांनी बाजूनं मत दिलं. तेराव्या वर्षी हिरोशिमात ढिगाऱ्याखालून बाहेर आलेल्या सेत्सुको थर्लो त्या दिवशी सभागृहात बोलल्या. तारीख होती ७ जुलै २०१७, पगवॉश परिषद सुरू झाली त्याला बरोबर साठ वर्षं. अण्वस्त्रं असलेला एकही देश त्या करारात नाही, आपणही नाही. तरी परिषदेची खोली कोणासाठी उघडायची याचा जो वाद मी इथे मांडला, त्यात तो करार मला मैलाचा दगड वाटतो.

बाईंनी शेवटी आजच्या परिषदांचा विषय काढला. २०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिषद झाली, अठ्ठावीस देश आणि युरोपीय संघानं निवेदनावर सह्या केल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला झाली, भारत सहअध्यक्ष होता, अमेरिका आणि ब्रिटननं सही केली नाही.

बाई : पगवॉशला बसलेल्यांपैकी कोणाचा बॉम्बचा कारखाना नव्हता. ब्लेचलीला यंत्रं विकणाऱ्या कंपन्या टेबलावर होत्या. आणि नैरोबीत बसून, यंत्राला शिकवण्यासाठी दिवसभर हिंसेचा मजकूर वाचून चाळणाऱ्या पोरांचं म्हणणं त्या निवेदनात मला कुठे दिसलं नाही.

नाना : आणि मला त्यात पेटी दिसली नाही. कोणी, काय, कुठे मोजायचं, हे लिहिलेला कागद.

या दोन तक्रारी मला एकमेकींना पूरक वाटतात. माझं मत बाईंच्या बाजूला झुकतं, पण नानांची चोवीस वर्षांची पेटी सोडून देऊन नाही. निवेदनावर सह्या व्हायला एक दुपार पुरते. कारकारालिन्स्कच्या माळावर यंत्र मांडायला एक पिढी लागली, आणि ती पिढी टिकली म्हणून आज आपल्याला कळतं की कोणी कुठे काय फोडलं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यापुढे दिल्लीत, मुंबईत किंवा जगात कुठेही विज्ञान आणि समाजावर मोठी परिषद भरल्याची बातमी आली, की पाहुण्यांची यादी मिळवून वाचा. जे विज्ञान तिथे चर्चेला आहे ते ज्यांच्या अंगावर येणार, त्यांतलं कोण बोलायला होतं ते शोधा. परिषद उठल्यावर मोजायचं आणि तपासायचं काम कोणावर सोपवलं, किती वर्षांसाठी, कोणाच्या पैशानं, हे विचारा. उत्तर सापडलं नाही तर आपल्या खासदाराला आणि वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र लिहा. सुगिनामीच्या बायकांकडे याहून जास्त साधनं नव्हती.